गुडघ्यानं ऐकलेली गाडी

गाड्यांच्या धंद्यातले सगळे त्याला कानसेन म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर फारसं कुणी घेत नसे. नव्या गाडीचं इंजिन चालू करून तो दोन मिनिटं नुसता शेजारी उभा राहायचा आणि बॉनेट उघडायच्या आधीच सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह ढिला आहे." कंपनीची माणसं आधी हसायची, मग उघडून बघायची, मग गप्प बसायची. एका मोटार-मासिकात तो अठ्ठावीस वर्षं गाड्या चालवून त्यांच्यावर लिहीत होता. त्याचा लेख वाचल्याशिवाय गाडीच्या दुकानात पाऊल न टाकणारे वाचक होते.

आणि या माणसाला ऐकू येईनासं झालं.

आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग पाखरं गेली. मग इंडिकेटरची टकटक गेली आणि तो तीन चौक इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू लागला. मागचे शिव्या घालत असणार, पण त्याही कानावर येत नव्हत्या. दोन वर्षांत डावा कान जवळजवळ बंद पडला आणि उजव्यात सगळं जग रजईखालून बोलल्यासारखं येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर होत चालली आहे, यंत्र लावून घ्या. तो "बघू" म्हणाला आणि बघितलं नाही.

घरात लपवणं शक्य नव्हतं. बायको म्हणाली, "पंचवीस वर्षं माझं एक ऐकलं नाहीत. आता म्हणता ऐकूच येत नाही. मला हो फरक कसा कळायचा?" दोघंही हसले. मग ती हसायची थांबली, त्याच्या समोर स्टूल ओढून बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "ऑफिसात सांगून टाका."

"सांगितलं की संपलं. बहिऱ्या माणसाला गाडी कोण देईल?"

"आणि नाही सांगितलं तर?"

त्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं. तेवढा एक फायदा होता.

अशात संपादकबाईंनी त्याला बोलावून घेतलं. मासिकाचा विशेषांक निघणार होता आणि त्यातला मुख्य लेख ठरला होता: एक नवीकोरी स्पोर्ट्स कार आणि एक नव्वद वर्षांची शर्यतीची गाडी. एकच धावपट्टी, एकच दिवस, चालवणारा एकच. "दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही," बाई म्हणाल्या. "जुन्या गाडीच्या मालकीणबाई तर म्हणाल्या, कान असलेला माणूस पाठवा, नाहीतर गाडीला हात लावू देणार नाही."

नकार द्यायचा तर कारण द्यावं लागलं असतं. त्याने मान हलवली.

ठरल्या दिवशी सकाळी आठला तो गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर पोहोचला. तिथून आता विमानं उडत नव्हती. लांबलचक काँक्रीटच्या सांध्यांतून गवत उगवलं होतं, आणि वळणं आखायला रबरी शंकू मांडून ठेवले होते. एका पत्र्याच्या शेडच्या सावलीत दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

नवी गाडी करडी, जमिनीला चिकटलेली, कुठेही सांधा दिसू न देणारी. तिला दार उघडायची मूठसुद्धा नव्हती; जवळ गेलं की ती आपणहून बाहेर यायची. जुनी गाडी म्हणजे सगळे सांधेच. फिकट निळ्या पत्र्यावर रिबिटांच्या रांगा, सायकलसारखी तारांची चाकं, बॉनेट आवळून धरणारा चामड्याचा पट्टा. काचेच्या नावाखाली हाताच्या पंजाएवढा एक तुकडा. आत दोन अरुंद खुर्च्या आणि त्यांच्या मधोमध, उघडावाघडा, गिअरबॉक्स.

नव्या गाडीबरोबर कंपनीची इंजिनिअर आली होती. तिशीतली, केस घट्ट बांधलेली, मांडीवर लॅपटॉप. जुन्या गाडीबरोबर तिच्या मालकीणबाई आल्या होत्या, आत्या. त्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा भाचा काम करायचा, तो त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून सगळा धंदाच त्यांना आत्या म्हणू लागला होता. वय अठ्ठ्याहत्तर. खाकी झगा, खिशात पान्हा, चष्मा दोरीने गळ्यात. भाचा पन्नाशीचा, अबोल. ट्रेलर लावलेली व्हॅन घेऊन तो शेडच्या मागे उभा होता.

"आधी नवी," कानसेन म्हणाला.

नव्या गाडीत बसल्यावर खुर्चीने त्याला दोन्ही बाजूंनी हळूच आवळून धरलं. पट्टा आपोआप ताणला गेला. त्याने पाय दाबला आणि पोटातलं सगळं पाठीला जाऊन चिकटलं. गिअर ती स्वतःच बदलत होती, आणि केव्हा बदलते आहे तेही पडद्यावर दिवे लावून दाखवत होती. वळणावर मागचं चाक सरकेलसं वाटलं की तिने ते आधीच सावरलेलं असे. त्याला काहीही ऐकायची गरज पडली नाही. दहा फेऱ्या मारून तो बाहेर आला तेव्हा शर्टाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"कशी वाटली?" इंजिनिअरने विचारलं. हे त्याने तिच्या ओठांवरून ओळखलं.

"झकास. आणि आतला आवाज तर काय जमवलाय! छान खर्जातला."

तिच्या कपाळाला आठी पडली. "आतला आवाज स्पीकरमधून येतो, सर. आज मोजमापासाठी मी तो बंद ठेवलाय."

"नाही, म्हणजे... बाहेरचा म्हणतोय मी. धुराड्याचा."

"अच्छा," ती म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली. पण आत्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला होता, आणि त्या त्याच्याकडे बघत होत्या.

जुनी गाडी भाच्याने ढकलून चालू करून दिली. आत्यांनी जवळ येऊन, वाकून, पेडल दाखवली. "ऐक. अ‍ॅक्सिलरेटर मधे आहे. ब्रेक उजवीकडे. घाबरलास की पाय उजवीकडे, मधे नाही. आणि इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या या काट्याकडे बघू नकोस, दारू प्यायल्यासारखा डोलतो. गिअर इंजिनाच्या आवाजावर बदलायचा. तुला काय सांगायचं म्हणा."

पहिला गिअर पडला. गाडी हिसका देऊन निघाली आणि वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. दुसरा गिअर नशिबाने पडला. तिसरा टाकताना गिअरबॉक्समधून असा काही करकराट झाला, की तो त्याला कानाने नाही तरी मनगटात कळला. वळणाआधी खाली येताना पुन्हा तेच. पुढच्या फेरीत दोनदा. इंजिन आता किती फिरतं आहे, चढलं का, उतरलं का, काही म्हणजे काही कळत नव्हतं. रजईखाली कुणीतरी गुरगुरत होतं, एवढंच.

तिसऱ्या फेरीत त्याने गाडी शेडपाशी आणून बंद केली. त्या गिअरबॉक्सचं एकेक चक्र आत्यांनी स्वतः लेथवर बसून कापलेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. बाजारात मिळण्यासारखी वस्तू नव्हती ती.

"माफ करा," तो उतरायला लागला. "आज जमत नाहीये. मी संपादकांना सांगतो, दुसरं कुणी..."

आत्यांनी भाच्याला हाक मारली. "जा रे, त्या मुलीला आपल्या व्हॅनमधलं गेज दाखव. टायरमधली हवा बघायची म्हणत होती." इंजिनिअर तसं काही म्हणाली नव्हती, पण दोघंही निमूटपणे गेले. मग आत्या त्याच्या तोंडासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण गळ्यातून निघालं ते वेगळंच. "दोन वर्षं झाली."

"घरी माहिती आहे?"

"बायकोला. बाकी कुणालाच नाही." आणि मग, इतके दिवस दाबून धरलेलं एकदम सुटावं तसं त्याने सगळं सांगून टाकलं: पाखरं, इंडिकेटर, कचेरीतल्या बैठकीत सगळे हसले की आपणही हसायचं, फोन आला की 'रेंज नाही' म्हणून ठेवून द्यायचा. "मला कान असलेला माणूस हवा, असं तुम्ही म्हणालात. मी तरीही आलो. गाडीचं नुकसान केलं असेल तर..."

"गिअर मी जाड कापलेत. तुझ्यासारखे चार पचवतील." त्या गाडीला टेकल्या. "ही गाडी दादाची. माझ्या थोरल्या भावाची. त्याच्या हाती आली तेव्हाच तीस वर्षांची होती. पुढे आठ वर्षं तो हिच्यावर घाटातल्या शर्यती खेळला. शेजारी मी. इंधनाचा दाब हातपंपाने ठेवायचा आणि मागून कोण येतंय ते बघायचं, हे माझं काम. तर त्या आठांतली सहा वर्षं दादा ठार बहिरा होता."

कानसेनला वाटलं, आपण ओठ चुकीचे वाचले. "काय होता?"

"बहिरा! सायलेन्सर नसलेलं इंजिन डोक्यापासून हातभर अंतरावर. कान टिकतील कसे? त्या काळचे अर्धे शर्यतवाले बहिरे होते. जिंकायचे तेही आणि हरायचे तेही."

"मग गिअर?"

"बस आत," आत्या म्हणाल्या. "मी शेजारी बसते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी चढतेय, हात दे जरा."

त्या शेजारच्या खुर्चीत, थोडं मागे, बसल्या तेव्हा सबंध गाडी त्यांच्या अंगाला ओळखीची असल्यासारखी दिसली. डावा हात आपसूक पंपाच्या दांड्यावर गेला. भाच्याला बोलावून त्यांनी पुन्हा इंजिन चालू करवलं. मग कानसेनचा गुडघा धरून त्यांनी तो गिअरबॉक्सच्या उघड्या लोखंडाला टेकवला.

"इथून काढायचा नाही. आता हळूहळू पाय दाब."

त्याने दाबला. आधी गुडघ्यात नुसते धक्के लागले, कुणीतरी दार ठोठावल्यासारखे. वेग वाढला तशी ती ठकठक मांडीत शिरली, बारीक झाली. मग कमरेपर्यंत चढली. आणि एका ठिकाणी पोहोचल्यावर ती एकदम गुळगुळीत झाली, वाहत्या पाण्यावर तळवा ठेवल्यासारखी. आणखी पाय दाबला तर दात वाजायला लागले.

आत्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलावली. "पाणी लागलं की वरचा गिअर. दात वाजले म्हणजे उशीर केलास. खाली येताना गिअर अर्ध्यावर काढ, मधल्या पेडलला एक टिचकी मार, थरथर कमरेशी आली की घाल. पहिली फेरी मी तुझ्या खांद्यावर थाप मारीन. दुसरी फेरी तुझी."

पहिल्या फेरीत त्याने थापेवर गिअर बदलले, आणि प्रत्येक थापेच्या क्षणी गुडघा काय सांगतो आहे ते नीट ध्यानात ठेवलं. एकदाच करकरलं. दुसऱ्या फेरीत आत्यांनी हात मांडीवर घेतला आणि फक्त पंप मारत राहिल्या.

पाणी लागलं. त्याने गिअर टाकला. तो लोण्यातून सुरी जावी तसा गेला.

चौथ्या फेरीपर्यंत तो विचार करायचा थांबला होता. पुढचं चाक कुठल्या खडीवरून जातंय ते स्टिअरिंग त्याच्या बोटांना सांगत होतं. मागचा टायर सुटायला लागला की खुर्चीच्या फळीतून माकडहाडाला आधी कळत होतं. ब्रेक दाबला की गाडी थोडी डावीकडे ओढ घ्यायची. ती आपल्या जुन्या दुखण्याबद्दल बोलते आहे, असं त्याला वाटलं आणि त्याने तिला तेवढं सावरून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी स्पष्ट बोलत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वारा होताच, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही.

गाडी थांबवल्यावर आत्यांचा तेलकट हात त्याने दोन्ही हातांत घेतला. बोलायचं होतं, पण शब्द फुटेना.

"पुरे," आत्या म्हणाल्या. "हे दादाने शोधून काढलं, मी नाही. त्याच्या नावाने काय मानायचं ते मान. आणि मला उतरव, पाय आखडलाय."

एवढ्यावर तो दिवस संपता तर लेख जुन्या गाडीच्या बाजूने गेला असता यात शंका नाही. पण दुपारी नव्या गाडीच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या, इंजिनिअरला ब्रेकची मोजमापं हवी होती म्हणून. त्या झाल्या. इंजिन थंड करत तो सावकाश, म्हणजे साठच्या वेगाने, शेडकडे परत येत होता. सकाळच्या आनंदातच होता अजून. डोळे पडद्यावरच्या आकड्यांवर होते.

त्याच वेळी भाच्याने जुनी गाडी चढवायला म्हणून ट्रेलरसकट व्हॅन मागे घेतली. शेडच्या आडून, डावीकडून. त्याला करडी गाडी दिसली तेव्हा ट्रेलर धावपट्टीवर आडवा आला होता. त्याने हॉर्न दाबून धरला. आत्या ओरडल्या. इंजिनिअर ओरडली. तिघांचंही काही डाव्या कानापर्यंत पोहोचलं नाही.

गाडीने ब्रेक लावला. त्याने नाही, गाडीने. पट्ट्याने छाती आवळली, डोकं पुढे गेलं, चारी चाकं काँक्रीटवर थडथडली आणि गाडी थांबली. समोर ट्रेलरची लोखंडी कड होती, बरोब्बर त्याच्या गळ्याच्या उंचीवर. मधे दोन हात जागा होती.

तो दार उघडून उतरला आणि खाली जमिनीवरच बसला. भाचा धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो "हॉर्न दिला होता हो, हॉर्न दिला होता," एवढंच म्हणत होता.

"तुमची चूक नाही," कानसेन म्हणाला. मग इंजिनिअरकडे वळून, सकाळपासून जे तिला सांगायला हवं होतं ते सांगितलं. "मला ऐकू येत नाही. डावीकडून तर काहीच नाही. सकाळी तुमच्यापाशी मी खोटं बोललो."

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"चार वर्षं मी या ब्रेकवर काम करतेय," ती सावकाश, त्याला ओठ दिसतील असं बोलली. "रबराचे पुतळे, फोमच्या गाड्या. हजारो वेळा थांबवलीय. मनात यायचं, कुणासाठी करतोय हे सगळं? चालवणारे तर म्हणतात, असल्या गोष्टींनी गाडीची मजा जाते." ती थांबली. "माझ्या डोळ्यांदेखत माणसासाठी आज पहिल्यांदा लागला."

"मीसुद्धा तेच म्हणायचो," तो म्हणाला. "तीनदा छापून आलंय माझ्या नावावर. मजा जाते म्हणून." आणि मग सकाळी जे बोलायला जमलं नव्हतं ते त्याला आता जमलं. "तुमचे फार उपकार झाले."

आत्या तोवर गाडीच्या नाकाशी वाकून, तिथल्या काळ्या, बोटभर काचेकडे निरखून बघत होत्या. "यातून बघते होय ही?" त्या म्हणाल्या. "मी अठरा वर्षांची असल्यापासून जत्रेतल्या पाळण्यावर बसल्यासारखी मागे वळून बघत होते, कोण येतंय म्हणून. ही माझंच काम करतेय की पोर." गाडीच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा थोपटलं. मग अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, ते कानसेनला दिसलं नाही. इंजिनिअरने नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या, "दादाच्या शेवटच्या वळणावर हिच्यासारखं कुणी असायला हवं होतं."

मग व्हॅनमधला चहा चौघांनी धावपट्टीच्या कडेला बसून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याने संपादकबाईंना खरं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी रागावलेय, हे आधी सांगते. दोन वर्षं तुम्ही त्या गाड्यांतून रस्त्यावर फिरलात. कुणाला काही झालं असतं तर?" त्याने मान खाली घातली. "आता लेख लिहा. काही एक न लपवता. मग पुढचं बघू."

लेखाची सुरुवात त्याने 'मला ऐकू येत नाही' या वाक्याने केली. ते वाक्य लिहायला सबंध सकाळ गेली, बाकीचा लेख दुपारी झाला. दोन्ही गाड्यांचे वेग त्यात होते, वजनं होती, ब्रेकला लागलेली अंतरं होती. शर्यत लावली तर नवी गाडी जुनीला तिसऱ्या फेरीतच मागून गाठेल, हेही होतं. पण कोण श्रेष्ठ ते त्याने लिहिलं नाही. त्याने लिहिलं की एका गाडीने मला पुन्हा ऐकायला शिकवलं आणि दुसरीने, मला ऐकू आलं नाही तेव्हा, माझ्या जागी ऐकलं. आणि दोन्ही गाड्यांच्या आत, नीट पाहिलं तर, एकेक बाई बसलेली आहे, जिला मी त्या दिवसापर्यंत ओळखत नव्हतो.

बायकोने लेख छापायच्या आधी वाचला. नाक ओढलं, आणि म्हणाली, "आता यंत्र लावून घेणार, की मीही गुडघ्याशीच बोलायचं?" त्याच आठवड्यात दोघं जाऊन यंत्र घेऊन आले. ते लावल्यावर पहिल्यांदा त्याला काय ऐकू आलं, तर घरातला फ्रिज किती कुरकुरतो ते.

नोकरी राहिली. वेगाच्या चाचण्या तो आता एकट्याने करत नाही. शेजारी कुणीतरी बसतं. कंपनीच्या इंजिनिअरने त्याला नंतर तीनदा बोलावून घेतलं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, कुठल्या बाजूने काय येतंय ते खुर्चीच्या त्या बाजूला थरथर करून कळवता येईल का, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. कुठली थरथर माणसाला पटकन कळते आणि कुठली नुसती गुदगुल्या करते, हे सांगणारा तिला दुसरा कोण भेटणार होता?

विशेषांक निघाला तेव्हा पहिली प्रत घेऊन तो स्वतः आत्यांच्या वर्कशॉपमध्ये गेला. आत्यांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि लेथशेजारच्या खुर्चीत बसून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. मधे एकदा चष्मा काढून काचा पुसल्या. भाचा लांबून बघत होता.

"बरा लिहिलायस," त्या शेवटी म्हणाल्या. "पण दादाने आठ वर्षं शर्यती खेळल्या, तू नऊ छापलंस."

"पुढच्या अंकात दुरुस्ती देतो."

"राहू दे. एक वर्ष जास्त मिळालं त्याला." त्यांनी मासिक घडी न पाडता हत्यारांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवलं. मग त्याच्याकडे एक फडकं टाकलं आणि बॉनेटचा पट्टा सोडायला लागल्या. "आलाच आहेस तर बाह्या वर कर. तेल बदलायचंय."

त्याने बाह्या वर केल्या.